लष्करीबागेतलं घर आणि अंकुशचे मोजे

मी, शामला शंकर रामटेके, वय चौसष्ट, राहणार लष्करीबाग, नागपूर, तहसील कचेरीतून निवृत्त झालेली कारकून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना, स्वहस्ते लिहीत आहे. नोकरीभर लोकांचे दस्त तपासले, त्यामुळे टंकलेखकावर माझा भरवसा नाही आणि वकिलावर तर नाहीच.

१. लष्करीबागेतील दोन खोल्यांचं घर मी माझ्या पगारातून बांधलं असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. भाऊ संघपाल याने त्यात छदामही घातला नाही. तो हयात नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. त्याचा मुलगा अंकुश बुटीबोरीला कारखान्यात आहे. वर्षानुवर्षं न फिरकलेला हा भाचा होळीपासून दर रविवारी पपई घेऊन येतो. पपई गोड असते. हेतूबद्दल लिहायला नको.

२. उन्हात चाललं, काही घासलं की मला लहानपणापासून हातापायांना फोड येतात. बाबांनाही येत. संघपाल जन्मभर "बूट चावला" म्हणत राहिला. अंकुशची मुलगी उन्नती रांगू लागली आणि तिचे गुडघे फोडांनी भरले, तेव्हा अंकुशने चारचौघांत बायकोला विचारलं, "तुह्या माहेरचं हे काय घेऊन आली वं?" आणि दीप्तीला लेकीसकट कामठीला माहेरी पोचवून दिलं.

३. धंतोलीच्या एका दवाखान्यात या आजारावर संशोधन चालू आहे. तिथल्या डॉक्टर श्वेता घरातल्या सगळ्यांचं रक्त मागतात. बाई माझ्या रक्तावर नाव कमावणार, असंच मला आधी वाटलं. खोदून खोदून विचारलं, मगच हात पुढे केला. निघालं ते असं: हा दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. उन्नतीच्या रक्तात जो आहे तोच माझ्या रक्तात आहे. दीप्तीच्या रक्तात नाही. अंकुशने रक्त दिलंच नाही. "रिपोर्ट तं पैसे देऊन कसाबी बनते, आत्या. मले काई नाई झालं."

नाही झालं म्हणे! उन्नतीच्या नामकरणाला त्याने दाराशी बूट काढले तेव्हा पायातले मोजे उलटे होते, शिवण बाहेर. शिवण कातडीला घासू नये म्हणून बाबा तसे घालत, मी तसेच घालते. फोड न येणारा माणूस असं कशाला करेल?

४. हे सगळं पहिल्या मसुद्यात लिहून मी अट घातली होती: अंकुशने दीप्तीच्या आईवडिलांसमोर मोजे काढावेत, धंतोलीला रक्त द्यावं, आणि घर घ्यावं. मसुदा कपाटात ठेवला. कुलूप मुद्दाम लावलं नाही, आणि तो आल्यावर शेजारी मायाकडे जाऊन बसले. पुढच्या रविवारी स्वारी मोजे सुलटे घालून हजर. म्हणजे वाचलं होतं! पाणी प्यायला आत गेला तर फरशीवर टाचांचे ओले डाग, फोड फुटल्याचे.

"काहून लंगडून राहिला गा?"

"बूट चावला, आत्या."

अगदी बापासारखं बोलला. मला संताप आला आणि रडूही आलं. मलम पुढे ठेवलं; त्याने हात लावला नाही.

५. सबब ती अट रद्द. घर उन्नतीचं. ती सज्ञान होईपर्यंत दीप्तीने तिच्यासह तिथे राहावं. दीप्तीही मला पुरती ओळखू आलेली नाही, म्हणून विकण्याचा हक्क तिला नाही. बँकेतली ठेव उन्नतीच्या मलमपट्टीसाठी.

६. उन्नतीला पुढे कोणी आईवरून बोललं, तर तिला हा कागद वाचायला द्यावा. पोरी, हे तुझ्या आईनं आणलेलं नाही. माझ्या बाबांकडून संघपालला आलं, त्याच्याकडून अंकुशला, अंकुशकडून तुला. तुझ्या बापाला एवढं तोंडानं बोलता आलं असतं, तर हे घर त्याचंच होतं.

सही: शामला शंकर रामटेके
(अंगठ्याचा ठसा नीट उठत नाही, म्हणून सहीच ग्राह्य धरावी.)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे मी स्वतः पडताळलं आहे:
१. माया गजभिये, शेजारीण
२. जयवंता वासनिक, निवृत्त परिचारिका

नागपूर, ता. ११ मे २०२५