क्योक रंगाच्या लष्करी ट्रकचा वारसा

क्योक-जोनच्या लोकांनो, ज्यांनी ज्यांनी खाली शहरात वाहन नोंदणीच्या खिडकीसमोर उभं राहून "उद्या या" हे दोन शब्द ऐकले आहेत, म्हणजे तुम्ही सगळेच, हे तुमच्यासाठी आहे. मृत्युपत्र माझ्या वारसांच्या नावे असलं तरी ते तुमच्यासमोर, मोठ्या आवाजात वाचलं जावं. मी आयुष्यभर सभांमधून बोलत आले. मेल्यावर एकदम गप्प बसेन अशी आशा कुणी करू नये.

मी, तोक्तोरबायची मुलगी आणि ओमुरझाकची विधवा बुरुलकान, निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून देत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नोंदणी कार्यालयात इतके हेलपाटे घातलेल्या बाईला असा दाखला देता येतोय, याचं त्यांनाही नवल वाटलं. हृदयाबद्दल मात्र ते तितके खूश नाहीत. यंदाचा बर्फ मी पाहीन असं ते म्हणत नाहीत.

कलम पहिलं. घर रीतीप्रमाणे मुलाला, उलानला. तो बिश्केकमध्ये काचेच्या इमारतीत बसतो आणि इथे आला की धूर होतो म्हणून खोकतो. चुलीचं धुराडं दर शरद ऋतूत साफ करावं लागतं, ते आपोआप होत नाही, एवढं त्याने समजून घ्यावं.

कलम दुसरं. गाय आणि मेंढ्या मुलीला, बेर्मेतला. बँकेत जे आहे ते माझ्या दफनाला आणि शाळेच्या छपराला. आधी छपराला.

कलम तिसरं. पुस्तकं शाळेला, पण कुलूपबंद कपाटात ठेवायची नाहीत. मागच्या वेळी दिलेली पुस्तकं मुख्याध्यापकांनी इतकी जपली की ती अजून कोरी आहेत.

कलम चौथं. ट्रक.

इथे नोटरी जानिश यांनी लेखणी खाली ठेवली. "आपा," आईला म्हणावं तसं ते म्हणाले, "तुमच्या नावावर नोंद नसलेली वस्तू मृत्युपत्रात घालता येत नाही."

मी म्हटलं, "माझ्या सासूचा स्वभाव तरी कुठे नोंदलेला होता? तो मला वारशाने मिळालाच ना?"

त्यांनी लेखणी उचलली. तेव्हा सविस्तर सांगते.

हा ट्रक सैन्याचा. नाक नसलेला, सपाट तोंडाचा, इंजिन चालक आणि सोबत्याच्या मधोमध, आणि गिअरचा दांडा चालकाच्या कोपराच्याही मागे, जणू बनवणाऱ्याला शेवटी आठवलं की अरे, गिअरही लागतो. सैन्याने तो टाकून दिला, सामूहिक शेतीने घेतला, शेती मोडली तेव्हा ओमुरझाकच्या वाट्याला आला. दुसऱ्यांनी गाई मागितल्या. त्याने ट्रक मागितला. मी त्याला त्या दिवशी मूर्ख म्हटलं. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात तो मला त्याची न बोलता आठवण करून देत असे.

कारण पहिला मोठा बर्फ पडला की आपल्या घाटातून दुसरं काही चालत नाही. सरकारी रुग्णवाहिका खालच्या चौकीपर्यंत येते आणि तिथे उभी राहून आपल्यासाठी मनापासून हळहळते. गावातल्या निम्म्या पोरांचा जन्म या ट्रकने वेळेवर पोचवलं म्हणून दवाखान्यात झाला, आणि उरलेल्यांपैकी काहींचा ट्रकमध्येच. बाळंतिणीला इंजिनाच्या झाकणाला टेकवून बसवायचं, कारण तिथे ऊब असते. ओमुरझाक गेल्यावर ट्रक बेर्मेत चालवते. मागे हात नेऊन, न बघता गिअर टाकते, अगदी बापासारखा.

आता गुन्हा ऐका.

देश स्वतंत्र झाल्या झाल्या आपल्याला मातृभाषेचा उमाळा आला होता. त्या भरात ट्रकच्या कागदावर रंगाच्या जागी आपल्या भाषेत लिहिलं गेलं: क्योक. बरोबरच लिहिलं. आकाश क्योक, गवतही क्योक. हे सांगायला लाज वाटते, पण ज्यांना पगार मिळतो ते विसरले आहेत म्हणून सांगते. पुढे सगळे कागद संगणकात रशियन भाषेतून भरले गेले, आणि त्या भाषेत आकाशाला एक शब्द आणि गवताला वेगळा. भरणाऱ्याने आकाश निवडलं. तेव्हापासून सरकारदरबारी आपला ट्रक निळा आहे.

नवे नियम आले आणि सगळ्या जुन्या लष्करी गाड्यांची पुन्हा नोंद सुरू झाली, तेव्हा मी गेले. खिडकीमागे कुबात. आपल्याच गावचा, माझाच विद्यार्थी. त्याने आधी ट्रक म्हणजे शस्त्र नव्हे असा सैन्याचा दाखला मागितला. ज्या सैन्याचा ट्रक होता, त्याचा देशच नकाशावर उरला नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, नकाशा आमच्या विभागात येत नाही. तो दाखला मी मिळवला. कसा ते लिहीत नाही, कारण मदत करणारा माणूस अजून नोकरीत आहे.

मग बाहेर येऊन त्याने आवारात आणलेला ट्रक बघितला.

"एजे, हा हिरवा आहे." शाळेत बाईंना हाक मारायचा, तसंच अजून एजे म्हणतो.

"जन्मापासून."

"कागदावरचा निळा आहे. म्हणजे हा तो नव्हे. मग निळा कुठे आहे?"

म्हणजे जो ट्रक आहे त्याला कागद नाही, आणि ज्याला कागद आहे तो ट्रक मी कुठेतरी लपवून ठेवला आहे असा संशय. मी माघार घेतली. लढवय्यी बाई माघार घेते तेव्हा तिची किंमत राखावी, पण असो. म्हटलं, निळा रंगवून आणते. कुबात म्हणाला, रंग बदलायचा तर आधी अर्ज हवा, आणि अर्जात सध्याचा रंग नोंदीप्रमाणे लिहायचा.

"म्हणजे निळ्याचा निळा करायचा अर्ज?"

"तो फेटाळला जाईल, एजे. त्यात बदल काहीच नाही."

तुम्ही हसाल. मीही हसले असते, पण गेल्या हिवाळ्यात बेर्मेत साइराकानच्या सुनेला घेऊन निघाली आणि खालच्या चौकीवर नोंदीअभावी नंबरप्लेट नाही म्हणून ट्रक अडवला. सून आत कळा देत होती आणि बाहेर शिपाई रंगाबद्दल विचारत होता. साइराकान सुईण, पन्नास गावांचं पाणी प्यालेली. ती खाली उतरली आणि त्या शिपायाला त्याच्या आईचं नाव सांगून म्हणाली, "तुलाही मीच बाहेर काढलं होतं. तेव्हा मी तुझा रंग विचारला नव्हता." त्याने फाटक उघडलं. दर वेळी साइराकान सोबत असेलच असं नाही.

या वसंतात मी पुन्हा गेले. खिडकीतून नाही, आत. दार लावून घेतलं आणि कुबातला सरळ विचारलं, एक शब्द खोडून दुसरा लिहायला काय लागतं?

"चूक दुरुस्त करायची तर चूक कुणाची ते लिहावं लागतं, एजे. संगणकात मीच भरलं होतं."

मग त्याने मला चहा दिला. तो मी प्यायले, कारण मला तहान लागली होती. जाताना तो दयाळूपणे म्हणाला, "तुम्ही आहात तोवर काळजी करू नका. अर्जदार जिवंत आहे तोवर गाडीला कुणी हात लावणार नाही."

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर ते बेवारस लष्करी सामान. नियमाने भंगारात कापावं लागेल."

म्हणजे सध्या त्या ट्रकची नंबरप्लेट मी आहे. आणि डॉक्टर म्हणतात, ही प्लेट फार दिवस टिकणार नाही.

म्हणून ट्रक मी बेर्मेतला देते. उलानने हरकत घेऊ नये. "आपा, ते लोखंड आहे, शहरात लग्नाच्या फोटोंसाठी असली गाडी चांगली खपते," असं तो म्हणाला होता. ट्रकसोबत ओमुरझाकचे पाने, इंजिन फिरवायचा दांडा आणि थंडीत तेल गरम करायची बत्ती बेर्मेतलाच. आणि इंजिनाच्या झाकणावरची लोकरीच्या नमद्याची घोंगडी, जी मी स्वतः शिवली आणि जिच्यावर कुणाकुणाचा जन्म झाला ते विचारू नये.

कलम पाचवं. माझा जाड शब्दकोश कुबातला. क्योकचं पान दुमडलेलं आहे. त्याच्यावर माझा राग नाही असं लिहिणार होते, पण शुद्धीत असल्याचा दाखला जोडला आहे. त्याची तक्रार मात्र वर कुणीही करू नये. त्याची नोकरी गेली तर खिडकीत जो नवा येईल त्याला आपली भाषा अजिबातच येत नसेल.

कलम शेवटचं, आणि हे सगळ्या गावासाठी.

मेलेल्याच्या वस्तूला चाळिसाव्यापर्यंत कुणी हात लावत नाही. कुबात कितीही सरकारी झाला तरी ही रीत मोडणार नाही, त्याची आई अजून जिवंत आहे. तेव्हा चाळीस दिवस आपले. माझ्या चाळिसाव्याचं जेवण माझ्या अंगणात घालू नका. मेंढी, कढया, पाव, सगळं ट्रकमध्ये भरा. बेर्मेत चालवेल. तुम्ही मागे बसा, घोड्यावर या, चालत या, पण सगळे या. चौकीवर काही म्हणाले तर सांगा, मयताच्या जेवणाला चाललो आहोत. या देशात मयताच्या जेवणाला अडवणारा शिपाई अजून जन्मला नाही. नोंदणी कार्यालयाच्या आवारात ट्रक उभा करा आणि तिथे कुराण पढा, तिथे जेवा. कुबातलाही वाढा, चांगला तुकडा वाढा.

मग प्रत्येकाने एक वाटी चहा घेऊन आत जायचं. काळा नाही. आपला नेहमीचा, गवताच्या रंगाचा, क्योक चहा. वाटी त्याच्या टेबलावर ठेवायची. भाषण करू नका, भाषण मी इथे केलं आहे. आवाज चढवू नका. फक्त विचारा: "कुबात, हा चहा कोणत्या रंगाचा?"

तो जे उत्तर देईल, तेच त्याला ट्रकच्या कागदावर लिहायला सांगा. तो लिहीपर्यंत वाट्या नेत राहा.

हे माझ्या समजुतीने, माझ्या शब्दांत, माझ्या घरी लिहिलं आणि वाचून खरं केलं.

बुरुलकान तोक्तोरबाय कीझी

साक्षीदार: साइराकान, सुईण. तोल्कुनबेक, मेंढपाळ, सही येते, अंगठा हौसेने दिला.

नोटरीचा शेरा: कलम चौथं नियमात बसत नाही, हे लिहून देणाऱ्यांना समजावलं. समजलं असं त्या म्हणाल्या आणि कलम तसंच ठेवलं. सर्व सह्या माझ्यासमोर, क्योक शाईत झाल्या. — जानिश

क्योक-जोन, १४ सप्टेंबर २०१९