अठरा दिवसांची भरती

उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ मे १९८२

प्रिय मुंजाबा,

तुझी वही पोचली, शिंपलाही पोचला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अर्धं पत्र होईपर्यंत तुझा जीव टांगणीला लागायचा. वही पोचली आणि तुझ्या या अक्कानं ती नीट वाचली, हीच तर पंचाईत झालीय.

तू कोकणात समुद्रकाठच्या गावाचा भूगोल लिहायला गेलास त्याला आज पंचवीस दिवस झाले. किनारा, वारा, भरती-ओहोटी, माणसं काय खातात, कशावर जगतात, सगळं वहीत उतरवायचं आणि विद्यापीठात द्यायची प्रत माझ्या अक्षरात काढायची, असं आपलं ठरलं होतं. आपल्या घरातला समुद्र बघणारा पहिला माणूस म्हणून मी अख्ख्या गल्लीत मिरवून घेतलं. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, पाणीच बघायचं तर एवढं लांब कशाला, जायकवाडीला काय कमी पाणी हाय? मी ऐटीत त्यांना म्हटलं, मावशी, ते धरण हाय, हा समुद्र हाय. सहावीच्या पोरांना शिकवते ना मी, जीभ लगेच वळवळते.

आबांचा अजून काही पत्ता नाही. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकून गेले ते गेलेच. पावणेतीन महिने होत आले. लोकांना सांगते, देवाला गेलेत. तुला खरं ठाऊक आहे. त्याआधी अंगणात त्यांची चार मेंढरं, त्यांचा वास, गल्लीतल्यांची रोजची कुरकुर. मी वैतागले आणि ते बाहेर गेलेले असताना खुलताबादकडच्या एका मेंढक्याला बोलावून चारी देऊन टाकली. आबा आले, रिकामे खुंटे बघितले, आणि एवढंच म्हणाले, की गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा सरकारनं निदान नोटीस तरी धाडली होती. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही, आणि मग घोंगडं उचललं. मी त्यांना शोधायला मामाकडे जाऊन आले, जेजुरीला माणूस पाठवला, दवाखानेसुद्धा पालथे घातले. पण ते असू दे, आधी तुझ्या वहीचं.

पहिली शंका आली ती वही आली त्या दिवशीच. तू लिहिलंस, रत्नागिरीहून येणाऱ्या एका गृहस्थाबरोबर पाठवतो. आणि दारात उभा कोण, तर आपल्याच गावचा बन्सी कंडक्टर, पैठण गाडीवरचा! मी विचारलं, बन्सी, तुझी गाडी रत्नागिरीला कधीपासून जायला लागली रे? तर म्हणे, कुणीतरी स्टँडवर दिली. कुणी, ते आठवत नाही. पाणी प्यायला थांबला नाही, चपलेकडे बघत बोलला. त्या पोराला मी गावात असताना पहिलीत शिकवलंय. खोटं बोलताना तो चपलेकडंच बघतो.

मग शिंपला. तू लिहिलंस, सकाळी वाळूत स्वतः वेचला. असेल बाबा. पण त्याला वरच्या कडेला बारीक भोक आहे आणि भोकात लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला आहे. समुद्र दोरा ओवून शिंपले किनाऱ्यावर टाकतो काय? असल्या माळा खुलताबादला दर्ग्याबाहेरच्या दुकानांत ढिगानं टांगलेल्या असतात. तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि मग तुझी भरती. अरे, अठरा दिवस तू भरती लिहिलीस आणि अठराच्या अठरा दिवस ती सकाळी सहाला आली! ओहोटी दुपारी बाराला. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. वाचता वाचता मला आधी हसू फुटलं आणि मग रडू. मामाच्या शेतावर कालव्याचं पाणी सहाला सुटायचं, बाराला बंद व्हायचं, आणि तू बांधावर खोरं घेऊन बसायचास, ती पाळी तू समुद्राला लावलीस व्हय? समुद्र काय पाटबंधारे खात्यात नोकरीला हाय? भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, चंद्राच्या मागं मागं. सहावीच्या पुस्तकात आहे ते, आणि तू एम. ए.ला बसलायस. जो माणूस दोन दिवस समुद्राकाठी राहील, त्याला हे पायांनी कळतं. तू गेलाच नाहीस.

मग डोक्यात नाही नाही ते आलं. पोरीचं लफडं असेल. पत्त्यांचा अड्डा असेल. परीक्षेला घाबरून कुठंतरी दडून बसला असेल. चार रात्री मी तुझ्यावर नुसती धुमसत होते. जिच्याशी सगळं बोलायचास तिलाच फसवतोस, म्हणून तुझ्या पेटीची झडतीसुद्धा घेतली. त्यात फाटका बनियन आणि माझीच जुनी पत्रं निघाली. लाज वाटली, पण संशय काही गेला नाही.

तरी प्रत काढायला बसले. म्हटलं, खोटं तर खोटं, निदान किती खोटं ते कळेल. काल दुपारी माणसांच्या तक्त्यांवर आले. पाचवा माणूस: नाव सांडू, वय सत्तर, धंदा मासेमारी. इथं मी थांबले. कोकणातल्या मच्छीमाराचं नाव सांडू? हे नाव आपल्या मुलखातलं, सह्याद्रीपलीकडं ऐकलंय कुणी? पुढं वाचलं. मासे विसाविसाच्या हिशोबानं मोजतो. छताखाली झोप येत नाही, पाण्याच्या काठाला घोंगडं टाकून उघड्यावर निजतो. भाकरीचा शेवटचा तुकडा कुत्र्यासाठी ठेवतो, कुत्रं नसलं तरी ठेवतो. पाणी हटलं की त्यातून वर येणारी जुनी भिंत दाखवून सांगतो, ही आमची. मध्यंतरी आठ दिवस तापानं आजारी होता.

आबा गावात मेंढरं अशीच विसाविसानं मोजायचे, मुंजाबा. शेवटचा रकाना कुटुंबाचा. तिथं तू लिहिलंयस: अपत्ये दोन. मुलगा सोबत. मुलगी शहरात, बोलणे नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी जेजुरीपर्यंत माणूस धाडला आणि आबा बसलेत पैठणच्या पलीकडं, धरणाच्या पाण्याला टेकून, उन्हाळ्यात आपलं गाव उघडं पडायची वाट बघत. तुला ते वाटेत गाडीतून दिसले असतील किंवा बन्सीनं सांगितलं असेल. ताप होता म्हणून तू उतरलास, ते उठून कुठं जातील म्हणून राहिलास, आणि अक्काला कळवणार नाही असा शब्द दिला असशील म्हणून हा सगळा समुद्र रचलास. मी पोरीचं लफडं समजत होते. माफ कर मला. पण शिंपला विकत घ्यायला खुलताबादपर्यंत गेलास, तेव्हा उस्मानपुऱ्यात चार पावलं यायला काय झालं होतं रे?

म्हणून हे पत्र, आणि ते बन्सीच्याच हातानं. आबांना मोठ्यानं वाचून दाखव. आबा, मी चुकले. तुमची मेंढरं होती, तुमचा जीव होता, आणि मी विचारलं नाही. मेंढक्याकडं जाऊन आले. तीन विकली गेली. काळ्या कानाची तेवढी राहिली होती, ती घेऊन आलेय. ती अंगणात ओरडतेय आणि वच्छलाबाई नाक धरून बसल्यात. बसू देत. रविवारी मी तिला घेऊन येतेय. गाडीत घेतलं नाही तर बन्सीचा कान पिरगाळीन. आबांजवळ सुट्टीभर मी राहीन. तू त्याच दिवशी निघ, खऱ्या समुद्रावर जा आणि खरी भरती लिहून आण. खोटी मी उतरवणार नाही. सांडूचा तक्ता मात्र सगळा उतरवलाय, वेगळ्या कागदावर. फक्त शेवटच्या रकान्यातले दोन शब्द सोडलेत. रविवारी आबा काय करतात ते बघ आणि तिथं तूच लिही.

तुझीच संशयी,
आवडाक्का