हयातीचा दाखला

जिंतूर, ८ मार्च १९७६

चि. रुख्मिणीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. मी खुशाल, तुमची खुशाली कळवत जाणे.

पत्रास कारण की, पेन्शनवाल्यांनी यंदा नवीनच काढलंय. मार्चअखेर हयातीचा दाखला द्या, म्हणजे सूर्यभान जिता हाय असा सहीशिक्क्याचा कागद. मी स्वतः तहसिलात जाऊन उभा राहिलो. तर साहेब म्हणाले, तुम्ही जिते आहात ते दिसायलंय, पण तुम्हीच सूर्यभान कशावरून? दहा वर्षांची ओळख असलेला माणूस आणा, त्यानं शनाख्त केली की सही करतो. घ्या आता! एकतीस साल जेलात हवालदारकी केली, चालीवरून माणूस वळखायचो. रिटायर होऊन इथं दोन वर्षं झाली, अन् मला वळखणारं कोणी न्हाई. तुझी आई असती तर तिनं साहेबाला चांगलं सुनावलं असतं.

दाखला न्हाई तर एप्रिलपासून पेन्शन बंद. तू एक दिवस येऊन जा. भाकरी मी करीन. पहिली जळते, दुसरी बरी येते.

तुझा बाप,
सूर्यभान


पालम, १४ मार्च १९७६

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र पावलं. तुमची जळकी भाकरी खायची लय इच्छा हाय, पण सातवीची परीक्षा तोंडावर आलीय. हेडमास्तरांकडे रजा मागितली, तर त्यांनी विचारलं, बाई, वडील आजारी आहेत का? मला खोटं बोलायला जमलं न्हाई. रजा नामंजूर. शाळेत आम्ही दोघीच मास्तरणी, हेडमास्तरांचा तरी काय दोष?

शेजारीपाजारी विचारून बघा ना. दोन वर्षांत कोणाशी बोललाच न्हाईत का? आई म्हणायची, हे घरी आले तरी जेलच्या फाटकावरच उभे असतात.

रागावू नका. आई गेली तेव्हा तुमचंही 'रजा मिळत न्हाई' एवढंच कार्ड आलं होतं. मी ते लय दिवस विसरले न्हाई. आता स्वतः नोकरी करायलेय, तर थोडं कळायलंय.

लोभ आटू देऊ नये.
आपली रुख्मिणी


जिंतूर, २० मार्च १९७६

चि. रुख्मिणीस आशीर्वाद व जयभीम.

काम झालं. बाजारात पाठीमागून हवालदारसाहेब म्हणून हाक आली. बघतो तर पंडित! माझ्या बराकीत अकरा वर्षं कैदी होता, आता कांदे विकतो. टोपली तशीच टाकून तहसिलात आला, अन् साहेबाला म्हणाला, ह्यांना मी न वळखून कसं चालंल, रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांनीच मला मोजलंय. साहेब हसले, सही केली. आता तुला यायची गरज न्हाई. परीक्षा नीट घे.

सूर्यभान


पालम, २५ मार्च १९७६

आप्पा, जयभीम.

खुशाली विचारत न्हाई. तुमच्या कार्डाचा कोपरा फाटलेला का होता?

कोपरा फाटलेलं कार्ड माणूस गेल्यावर धाडतात, हे लहान लेकरालाही ठावं हाय. शाळेच्या शिपायानं टोपी काढून ते वर्गात आणून दिलं. मी वाचलंच न्हाई. मुठीत धरून रडत सुटले. हेडमास्तरांनी उभ्या उभ्या तीन दिवसांची रजा लिहिली, एसटीत बसवून दिलं. परभणीच्या स्टँडवर जिंतूरची गाडी लागेपर्यंत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? तेव्हा कुठं मूठ उघडली. तर तुमचं अक्षर, अन् कांदे विकणारा पंडित!

तिथंच हसले, तिथंच रडले. मग असा संताप आला की परतीच्या गाडीत बसले. आप्पा, तुम्ही जिते होता तर रजा न्हाई, गेलात तर लगेच मिळाली. ही काय मस्करी हाय?

रुख्मिणी


जिंतूर, २९ मार्च १९७६

चि. रुख्मिणीस,
आशीर्वाद.

मस्करी न्हाई गं, बाई. हाताची खोड. कैद्यांची आत येणारी पत्रं आमी वाचायचो, अन् वाचलं म्हणून खूण करायला कोपरा फाडायचो. एकतीस वर्षं तेच केलं. तुझं कार्ड लिहिलं, चूकभूल बघायला एकदा वाचलं, अन् कोपरा कधी फाडला ते कळलं न्हाई. तुला रडवलं, मला माफ कर.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू परभणीपर्यंत आली होतीस. तिथून इथं दीड तासाची वाट. मला ठावं असतं तर मी स्टँडवर येऊन बसलो असतो. तुझ्या आईच्या वेळेला मी तेवढाही निघालो न्हाई. दाखल्यावर सही झाली, पेन्शन चालू राहील, पण घरी येऊन तो कागद कोणाला दाखवावा ते कळंना. ट्रंकेत ठेवून दिला.

इथून पुढं कार्ड चारी कोपरे धड ठेवून धाडीन. मग तू येशील का, एवढं कळव.

तुझा बाप,
सूर्यभान