एक्स पासष्टचा जोड

राणीसावरगाव
२१ जानेवारी १९८७

अहो,
मनकर्णाचा नमस्कार घ्यावा. इथं समदे बरे हायत. ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं राखायला मामंजी जायलेत. सासूबाईंचा गुडघा थंडीनं दुखायलाय.

तुमचं पत्र पोचलं. दाहोदला गॅसच्या लायनीवर तुमच्या जोडाचा एक्स-रे काढला, तडा निघाला, तुमचं वेल्डिंग बंद केलं, आता घरी येतो, असं लिवलंत. मी ते लगेच घरी वाचून दाखवलं न्हाई. आधी येलदरीला माहेरी गेले. मुंजाजीदादा वीजघरात वेल्डर, त्यालाच दाखवलं.

दादा म्हणला, "दाजींनी आजवर पाण्याचे पाइप जोडले. ते पोलाद मऊ, चालून जातं. हा गॅसचा पाइप एक्स पासष्ट पोलादाचा. पातळ असून लय दाब सोसतो. पण थंडीत न तापवता जोडला, का वेल्डिंगचे रॉड ओलसर राहिले, की निवताना तडकतो."

"म्हंजे हात बिघडला न्हाई त्यांचा?"

"हात चांगला हाय. पोलाद नवं हाय. शिकावं लागंल."

यष्टीत बसले तर लय हलकं वाटलं.

घरी येऊन पत्र वाचून दाखवलं. मामंजी खुलले. "येऊ दे भुजंगला. आपलं कामच न्हाई ते." त्यांना इतकं खूश लय दिसांनी पाहिलं, माझी जीभ उचलंना. तरी बोलले, "ते येणार न्हाईत. महिन्यानं पुन्हा वेल्डिंगची परीक्षा हाय." ती गोष्ट तुमी पत्राच्या कोपऱ्यात बारीक लिवली होती, मी वाचली.

मामंजी ताटावरून उठले. माझ्याशी बोलणं बंद.

काल सासूबाईंनी विचारलं, "तिथं त्याला भाकर कोन करून घालतं?"

"कोणी न्हाई."

"मग तू इथं काय करायलीस?"

मला रडू आलं. हेच मला तुमाला कवापासून लिवायचं होतं, धीर होत नव्हता. तुमी गेल्यापासून हे घर मला खायला उठतंय.

आज सकाळी मामंजी गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन आले. पिशवी माझ्यापुढं ठेवली. म्हणले, "तिकडलं पीठ त्याला गोड लागायचं न्हाई."

पुढल्या शुक्रवारी गंगाखेडहून निघते. दादा दाहोदपर्यंत सोबत हाय. तुमी घरी यायचं तिकीट काढू नका. स्टेशनावर या.

तुमच्याकडं निघालेली,
मनकर्णा