मराठी येणारा अँटिव्हायरस

श्रीयुत भाचेसाहेब यांस,

मामाचे भरपूर आशीर्वाद. ‘श्रीयुत’ आणि ‘साहेब’ वाचून दचकू नकोस. संगणकातले तुला कळते हे मी पहिल्यापासून मानत आलो आहे (तुझ्या आईसमोर कधी तसे बोललो नसेन, ती गोष्ट वेगळी). तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची पाठ केव्हातरी दगा देतेच, तेव्हा मधूनमधून उठत जा. सूनबाईंचा खोकला थांबला असेल. इकडे मी बरा आहे. मामीही बरी आहे, निदान हे लिहितो आहे तोवर तरी. या जमान्यात पत्र हाताने कशाला, असे तुला वाटेल. तर आमचा संगणक मी तूर्त बंद करून ठेवला आहे, आणि माझा फोन मामी केव्हाही उचलून बघते.

विषय साधा आहे. घरच्या संगणकाला कोणता अँटिव्हायरस घ्यावा? तू म्हणशील, मामांना एकाएकी हे काय सुचले? मला नाही, मामीला सुचले. पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवता चालवता तिने लहान मुलांच्या कपड्यांच्या ज्या आकृत्या कागदांवर काढल्या, त्या सगळ्या ती तू कॉलेजात असताना करून दिलेल्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये उतरवते आहे, हे तुला ठाऊकच आहे. बाह्या, गळे, कॉलर, खिसे, सगळे एकाच फाईलमध्ये, आणि उतरवून झालेले कागद रद्दीत. आता त्याचे पुस्तक करायला प्रकाशक तयार झाला आहे. ज्या दिवशी त्याचा होकार आला, त्या दिवशी मामी मला म्हणाली, “बाकी काही करू नका, पण हे तेवढं सांभाळा.” आयुष्यभर एका मोठ्या कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या माणसाला हे सांगावे लागावे याचा मला थोडा राग आला, पण मी शब्द दिला.

शब्द दिल्यावर चौकशी आली, आणि चौकशी म्हटली की शेजारचे माहीतगार आले (हे नाव आम्ही घरातल्या घरात ठेवले आहे). त्यांच्या संगणकावर तीन अँटिव्हायरस आहेत. तिघेही एकमेकांना चोर समजून दिवसभर पकडापकडी करतात, त्यामुळे संगणक सुरू होईपर्यंत माहीतगारांची अंघोळ, पूजा आणि एक झोप होते. एवढा बंदोबस्त असून मागच्या महिन्यात त्यांच्या सहलीचे सगळे फोटो कुणीतरी कुलूपबंद करून टाकले. (मी ते फोटो पाहिले होते. ज्याने कुलूप लावले त्याला मी फार दोष देणार नाही.) तरीही गृहस्थ मला ऐटीत सांगतात की तुम्ही माझ्या सल्ल्याने चला. बुडालेल्या माणसाने पोहण्याचा क्लास काढावा, तशातला प्रकार.

मग दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या हातात एक खोके दिले. त्यावर ढाल, ढालीवर सिंह, सिंहाच्या डोळ्यांत अंगार. आत काय, तर चिटोरे, आणि चिटोऱ्यावर एक आकडा. एवढ्या खोक्यात माझे बूट मावले असते. साध्या आणि ‘प्लस’मध्ये फरक काय, असे विचारले तर म्हणाला, “काका, प्लसमध्ये मुलांवर लक्ष ठेवता येतं.” आमची मुलगी मुख्याध्यापिका आहे. तिच्यावर लक्ष ठेवण्याची छाती तिच्या शाळेच्या अध्यक्षांची होत नाही, ती या खोक्यातल्या सिंहाची काय होणार? आणि ‘टोटल’मध्ये काय, तर म्हणे सगळंच. म्हणजे साध्यात काय नाही हे त्यालाही ठाऊक नव्हते. खोके परत दिले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू व्हायरस घेऊन मीच आलो आहे.

शेवटी इंटरनेटवर वाचले. तिथे दहा विद्वानांनी दहा वेगवेगळे अँटिव्हायरस पहिले आणले आहेत, आणि प्रत्येकाच्या लेखाच्या पोटात त्याच अँटिव्हायरसची जाहिरात. एक फुकटचा घेऊन पाहिला. तो तासातासाला ठणाणा करून सांगायचा की तुमच्या घरात अजून चोरी झालेली नाही, पण होऊ शकते, तेव्हा मोठा पहारेकरी ठेवा. मामीचा वर्ग चालू असताना तो एकदा असा बोंबलला, की एका बाईंनी बाही उलटी कापली. त्याला त्याच दिवशी नारळ दिला. मग एक असा मिळाला की ज्याला मराठी येते. मोडकेतोडके नव्हे, शुद्ध. ‘आपला संगणक सुरक्षित आहे’ हे त्याने पहिल्या झटक्यात बिनचूक लिहिले, सुरक्षितमधल्या ऱ्हस्वदीर्घासकट. मी त्याला तिथल्या तिथे ठेवून घेतले.

तर याच्याविषयी तुझे मत काय, की दुसरा कोणता घ्यावा, ते सवडीने कळव. घाई अजिबात नाही.

तुझा,
मामा

ता. क. घाई आहे. काल त्या शुद्ध मराठीवाल्याने तुझा प्रोग्रॅम तपासला. ‘निर्माता अनोळखी’ असे लिहिले (तुला अनोळखी म्हणतो, यावरूनच त्याची लायकी कळते), आणि मामीच्या फाईलचे नाव देऊन विचारले, ‘फाईल काढू का?’ आता तूच सांग. उभी नोकरी मी शिपायाला ‘फाईल काढ’ म्हणालो, आणि फाईल माझ्या टेबलावर आली. रेकॉर्ड रूममध्ये फाईल काढणे म्हणजे कपाटातून काढून, धूळ झटकून समोर ठेवणे. मला वाटले, पोराला शंका आली आहे, साहेबांना दाखवून घेतो म्हणतो, रीतीला धरून आहे. मी ‘हो’ दाबले. ‘काढली,’ म्हणाला. मी चष्मा पुसला आणि फाईल यायची वाट पाहत बसलो. बराच वेळ बसलो. मग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “काका, काढली म्हणजे गेली.” माणसे फोटो काढतात, आकृत्या काढतात, दिवस काढतात, तेव्हा ते कुठे जातात का? पण या गाढवाला काढणे म्हणजे फक्त दात काढणे ठाऊक. तर असे कर, मामीने मुखपृष्ठाबद्दल विचारायला ती फाईल तुला एकदा पाठवली होती, ती तुझ्याकडे कुठे पडली आहे का बघ. मामीला यातले काही कळता कामा नये. तिला हे कसे सांगायचे ते मला सुचत नाही, आणि खरे सांगायचे तर मी फार घाबरलो आहे.

ता. क. दुसरा. मामीला सांगितले. जेवता जेवता सांगून टाकले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, “वाचायचं तरी ना आधी.” मी म्हणालो, वाचले होते, तेच तर झाले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ नळ चालू होता. ते मला ऐकवत नव्हते. आज सकाळपासून ती मोठा कागद पसरून पहिल्या फ्रॉकपासून पुन्हा आखते आहे आणि मी कागदाचे कोपरे धरून बसतो. अँटिव्हायरस वगैरे राहू दे. तू ये.

ता. क. तिसरा, मामीकडून. पत्र टपालात टाकायला मी निघाले आहे, तेव्हा वाटेत वाचलं. नळ मी भांड्यांसाठी सोडला होता. (थोडी रडलेही, पण ते भांडी झाल्यावर.) तुझ्याकडे फाईल असली तर जपून ठेव आणि फक्त मला कळव. यांना इतक्यात सांगू नकोस. समोर बसून कोपरे धरतात, कुणाला नावं ठेवत नाहीत, आणि मी कॉलर कशी वळवते ते लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नीट बघताहेत. निदान सगळे फ्रॉक होईपर्यंत थांब.