तव्याशेजारची खुर्ची

गुरुवार, ३ एप्रिल

नातीनं फोनवरचा लाल गोल दाबायला शिकवलाय. दाबायचा आणि बोलत सुटायचं. ऐकणार कोणी नाही, हे उत्तम. लिहिता मला येत नाही. लहानपणी दर आठवड्याला नवी जत्रा, नवं गाव, नवी शाळा. मागचा बाक आणि चित्र काढायला एक कागद. घोडे मात्र मी फार सुरेख काढते.

तर डेव्हेंटर शहराच्या बाजारचौकात रेस्टॉरंट उघडलंय. नाव ‘जुनी जत्रा’. आत लाकडी घोडे, हँडल फिरवायचं वाद्य, आणि खायला पॉफर्चे, म्हणजे लोण्यात भाजलेली इवलीशी फुगीर धिरडी. सून विल्मा म्हणाली, आई, तुम्हाला नेते, तुमचंच जग आहे ते. म्हटलं, माझ्या जगाला चाकं होती. चाळीस उन्हाळे मी आणि लामर्ट पॉफर्च्यांचा तंबू घेऊन देशभर हिंडलो. लामर्ट गेला, मुलानं तंबू बेल्जियममधल्या कोणाला तरी विकून टाकला, तव्यासकट. आता भिंतवाल्यांनी भिंतीच्या आत जत्रा भरवायची आणि मी तिथं जाऊन टाळ्या वाजवायच्या? भिंतवाले म्हणजे जत्रेबाहेरचे सगळे. विल्मासुद्धा. तिचा जन्म तीनमजली घरातला, त्यात तिचा दोष नाही.

जिवंतपणी तिथं पाऊल टाकणार नाही. ठरलं.

शनिवार, ५ एप्रिल

गेले. न बघता नावं ठेवणं मला पटत नाही.

घोडे जमिनीला बोल्टनं आवळलेत. जेवण वाढणाऱ्या पोरांना लाल गॅलिस आणि चिकटवलेल्या मिशा. एकाची मिशी सूपमध्ये लोंबत होती. आमच्या तंबूत मागं पडदे लावलेले कप्पे असायचे, तरण्या जोडप्यांसाठी. पडदा ओढला की आत काय चाललंय ते आम्ही विचारत नसू, फक्त लोणी जास्त घालायचो. इथंही पडदे आहेत. आत बाबागाडी, बाबागाडीत मूल, आणि फोन चार्ज करायला भोक.

पॉफर्चे आले. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. पॉफर्चा म्हणजे वर फुगलेला, कडेनं थोडा करपलेला, आत ओला हवा. शेजारी शेजारी दोन ठेवले तर ते भाऊ वाटावेत, जुळे वाटू नयेत. हे कोणी केलेलेच नव्हते, नुसते झाले होते. पूर्ण प्लेट संपवली. अर्धवट खाऊन मत देणं अन्याय आहे. मग विल्माच्या प्लेटमधले उरलेले तपासले.

मालक आला. रोडरिक नाव, दाढी ठेवलीय, घोटे उघडे. कसं वाटलं, म्हणाला. मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. विल्मा छताकडे बघत होती. पण पोरगा उठून न जाता बसला. म्हणाला, आजी, म्हणजे तुम्ही खरंच जत्रेतल्या? खऱ्याखुऱ्या? फोन नंबर मागितला.

निघताना बघितलं. पुढच्या मोठ्या खिडकीत जुना लोखंडी तवा आहे, खळग्यांचा, आमच्यासारखाच. त्याच्या शेजारी उंच खुर्ची, मखमली उशी. रिकामी.

मंगळवार, ८ एप्रिल

रोडरिकचा फोन. म्हणतो, आजी, खिडकीतल्या तव्याशेजारच्या खुर्चीत तुम्ही बसाल का? बुधवारी आणि शनिवारी दुपारी.

 अशा वेळी जत्रेतला माणूस लगेच बोलत नाही. तव्याशेजारची खुर्ची मालकिणीची. तिथं दुसरं कोणी बसत नाही, पाहुणा नाही, पोर नाही, गावचा महापौर आला तरी उभा राहतो. माझी सासू त्या खुर्चीत तीस वर्षं बसली. एक दिवस सकाळी उठली, उशीवर दोनदा थोपटलं आणि मागं भांडी घासायला गेली. तंबू माझा झाला. कागद नाही, भाषण नाही.

तर काल आलेल्या या पोराला एवढी समज आहे. मी हो म्हटलं. तो म्हणाला, तुम्हाला काहीच करायचं नाही आजी, नुसतं बसायचं. मालकिणीला असंच म्हणतात.

विल्मानं विचारलं, आई, काम काय आहे ते विचारलंत का? म्हटलं, त्यानं खुर्ची देऊ केली. ती म्हणाली, हो, पण काम काय? भिंतींत जन्मलेल्याला किती वेळा समजवायचं.

ठरवलंय ते असं. आधी पीठ बदलायचं, कुट्टूचं आणायचं. मग मिशा काढायला लावायच्या. पहिल्या आठवड्यात कोणालाही कामावरून काढायचं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

पहिला दिवस. शाल दिली, आणि लेसची पांढरी टोपी. ही टोपी तिकडे समुद्राकाठी झीलंड प्रांतातल्या मासेवाल्या बायका घालायच्या. आमच्या जत्रेत असली टोपी घालून कोणी आलं असतं तर त्याला माशांचा भाव विचारला असता. रोडरिकला सांगितलं. तो म्हणाला, लोकांना आवडते हो आजी. घातली. पहिल्या दिवशी वाद नको.

तवा गार. वर पॉफर्चे मांडलेले. एक नखानं उचलायला गेले, नुसता रंग निघून आला. प्लास्टिक. खाली चिकटवलेत. खालून गॅसची नळीही नाही. याला कारण आहे. नव्या जागी तवा लगेच पेटवत नाहीत, जागेची सवय होऊ द्यावी लागते.

मागं स्वयंपाकघरात डोकावले. तिथं एक यंत्र आहे. पीठ टाकतं, उलटवतं, ढकलतं. त्याच्यासमोर शिरीन नावाची मुलगी कानात गाणी घालून पिठाच्या पिशव्या कापत बसलेली. म्हणाली, आजी, इथं येऊ नका, फरशी निसरडी आहे. नवी मालकीण कोण ते तिला अजून सांगितलेलं दिसत नाही.

तपासणीसाठी दोन प्लेट खाल्ल्या.

शनिवार, १२ एप्रिल

दिवसभर लोक माझे फोटो काढत होते. एका लहान पोरानं बापाला विचारलं, ही खरी आहे का? बाप म्हणाला, माहीत नाही, हात लावू नकोस. मी एक डोळा मिचकावला. पोरगं मागं घोड्यावर जाऊन आपटलं.

रोडरिकला सांगितलं, लोक माझ्यासाठी येतायत, आता तवा पेटवू. तो म्हणाला, आजी, तुम्ही सोनं आहात. बघू नक्की. आमच्या जत्रेत ‘बघू’ म्हणजे हो.

रविवार

पाय सुजले. बसूनसुद्धा सुजतात.

बुधवार, १६ एप्रिल

वाट बघणाऱ्याचं पीठ आंबतं, म्हणून मीच पीठ घेऊन गेले. पहाटे उठून कुट्टूचं पीठ, कोमट दूध आणि यीस्ट बादलीत घातलं. वरून लामर्टचा जुना कोट गुंडाळला. बसमध्ये हीटर चालू होता, त्याचा अंदाज राहिला नाही. पहिल्या स्टॉपला कोटाचं बटण निघालं. पुढच्या स्टॉपला पीठ कॉलरमधून बाहेर आलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, बाई, तुमचं काहीतरी येतंय. म्हटलं, येऊ द्या, ताजं आहे. ते उठून उभे राहिले. भिंतवाल्यांना ताज्या गोष्टीची भीती वाटते.

रोडरिक म्हणाला, आजी, बाहेरचं पीठ आत चालत नाही, नियम आहे. फार आदरानं म्हणाला. शिरीननं बादली सिंकमध्ये ओतली. ते तिथंही फुगत राहिलं. भोकातून खाली जाईना. तिनं गरम पाणी सोडलं, तर आणखी वर आलं. शेवटी तिनं आणि रोडरिकनं मिळून चमच्यानं कोंबलं.

मी खुर्चीत जाऊन बसले. या टोपीची लेस फार वाईट आहे, डोळ्यांत जाते.

आज एकच प्लेट खाल्ली. पुन्हा इथं खाणार नाही.

शनिवार, १९ एप्रिल

ईस्टरची गर्दी. दारापर्यंत रांग. आणि भर दुपारी यंत्र बंद पडलं.

मी खुर्चीवरून उतरले. शाल कमरेला खोचली. रोडरिकला म्हटलं, एक गॅसची शेगडी, पॉफर्चे उलटवायला एक काटा, लोणी. बाकी माझ्यावर सोड. तो घामाघूम झालेला. म्हणाला, आजी, प्लीज, बसा ना, खिडकी रिकामी दिसतेय. मी काट्यासाठी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. तेवढ्यात शिरीननं बूट काढून यंत्राला हाणला. सुरू झालं.

आधी तिलाच संधी देणार होते मी. नव्या पोरांना शिकू द्यावं.

विल्मा आली होती. खाता खाता म्हणाली, छान आहेत ना? म्हटलं, छान हा शब्द पडद्यांना वापरतात. मग काटा खाली ठेवून हळूच म्हणाली, आई, मी बोलू का त्याच्याशी? म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, तुम्हाला भाजायचंय ना. म्हटलं, मला कशाला भाजायचंय. मला फक्त तवा तापलेला बघायचाय, आणि काटा हातात हवाय, आणि एक खेप काढायचीय. एकच. एवढ्यासाठी कोणाची शिफारस नको.

तिनं माझी टोपी सरळ केली. लुडबुडी आहे.

बुधवार, ३० एप्रिल

आज स्पष्ट बोलले. रोडरिकला म्हटलं, काटा हातात नसेल तर मी या खुर्चीत बसणार नाही. तव्याशेजारी बिनकाट्याची बाई कोणी बघितलीय का? नुसती शोभेची वस्तू वाटते.

त्यानं मग कपाळावर हात मारला. म्हणाला, आजी, अगदी बरोबर, काटाच नाहीये, म्हणून ते खरं वाटत नाहीये. करतो. थोडा वेळ द्या, मोठं काहीतरी करतो.

याला म्हणतात बोलणं. विल्माला फोन केला. काटा मिळतोय, म्हटलं. ती म्हणाली, नक्की काय म्हणाला तो? नक्की, नक्की. तिला प्रत्येक गोष्ट मापून लागते.

बुधवार, ७ मे

रोडरिकनं एक माणूस पाठवला. त्यानं माझी मापं घेतली. उंची, खांदा, मनगट, बोटं, बसल्यावर गुडघ्यापर्यंत किती. चेहऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो. बाहीत सैल ठेव, म्हटलं, उलटवताना कोपर फिरावा लागतो. त्यानं तेही नोंदवून घेतलं. आजवर कोणी माझ्या कोपराची एवढी काळजी घेतली नव्हती. कामाचा पोशाख म्हणजे असा शिवावा लागतो.

शनिवार, १७ मे

सराव चालू. बर्फाच्या ट्रेमध्ये कोटाची बटणं ठेवून काट्यानं उलटवते. मनगट कटकट वाजतं, ते हवेमुळे. लामर्टपेक्षा माझा हात जलद होता, हे तोही कबूल करायचा, मी विचारलं की.

शिरीनला सांगितलं, यंत्र काढल्यावर तू माझ्या हाताखाली राहशील. ती काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, हो आजी. चांगली मुलगी आहे. कानातली गाणी काढून टाकली की सुधारेल.

बुधवार, २८ मे

रोडरिक म्हणाला, आज येऊ नका, शनिवारी या, सरप्राइज आहे. टोपी आणि शाल आणायला सांगितलीय. बरोबर आहे, नवा पोशाख आला की जुनं परत करायचं असतं.

विल्माला म्हटलं, शनिवारी ये, लोणी जास्त घालीन.

शनिवार, ३१ मे

माझा स्वतःचा तपकिरी ड्रेस घातला, केस बांधले. टोपी पिशवीत.

खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं.

जवळ जाऊन बघितलं तर मी. नाक जरा मोठं केलंय. रोडरिकनं माझ्या पिशवीतली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली, शाल गुंडाळली आणि मागचं बटण दाबलं. ती वाकली, एक पॉफर्चा उलटवला, सरळ झाली. परत वाकली. तिच्या हातात काटा होता.

रोडरिक म्हणाला, काट्याची कल्पना तुमचीच हं आजी. आता तुम्हाला पाय सुजवत बसायला नको, ही रोज बसेल. तुम्ही पाहुण्यासारख्या या, कॉफी आमच्याकडून, कायम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिशीवाल्या पोरांनीसुद्धा. शिरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं नाही वाजवल्या.

मी बघत होते. म्हटलं, चुकतंय. रोडरिक म्हणाला, काय चुकतंय? म्हटलं, ती पुढं ढकलतेय, फावड्यानं बर्फ ढकलावा तशी. काटा कडेनं घालायचा आणि स्वतःकडे फिरवायचा, अंगठ्याच्या बाजूला. असं कोणी जत्रेत उलटवलं असतं तर रांग उठून गेली असती.

मापं घेणारा तो माणूस तिथंच होता. तो गुडघ्यांवर बसला, माझं मनगट हातात धरलं आणि म्हणाला, करून दाखवा. मी हवेत उलटवलं. तो म्हणाला, परत, हळू. परत केलं. कोपर कुठं थांबतो ते त्यानं बोटानं बघितलं, मग तिच्या बाहीत स्क्रू फिरवत बसला. बराच वेळ. रोडरिक घड्याळ बघत होता. मी म्हटलं, घाई नको, तवा कुठं पळून चाललाय.

आता ती बरोबर उलटवते. स्वतःकडे, अंगठ्याच्या बाजूला. रोडरिकला म्हटलं, बघ, शेवटी माझ्याकडेच यावं लागलं ना. तो म्हणाला, खरंय आजी.

समोरच्या टेबलावर बसले. विल्मा शेजारी. प्लेट आली, ती माझ्याच्यानं संपली नाही. विल्मानं विचारलं, आई, घरी जाऊ या का? दुकान बंद व्हायला आलं होतं, पोरं घोडे पुसत होती. खिडकीत ती वाकत होती, तोच एक पॉफर्चा उलटवत होती.

म्हटलं, थांब जरा. अजून झाला नाहीये तो.