दारिनाची आजी, वेराचे आजोबा

स्टुटगार्ट, २० एप्रिल २०१४

ती. बाबांस,
क्षमाचा जयभीम, आईलाही.

पीएचडीचं ठीक चाललंय, घराचं नाही. माझ्या फ्लॅटमधल्या दोघी, युक्रेनची दारिना आणि रशियाची वेरा, रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. दोन वर्षं एका पातेल्यात सूप शिजायचं. आता दोन पातेली आणि निरोप पोचवायला मी. दमले. तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. हे भांडण कधीचं, ते तरी सांगा.

तब्येत जपा.
तुमची क्षमा

नागपूर, ५ मे २०१४

चि. क्षमास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फार जुनं आहे गं. हजार वर्षांपूर्वी कीव्हला जे राज्य होतं, त्यालाच दोघेही आपलं मूळ मानतात. पुढे रशियाच्या झारने युक्रेनियन पुस्तकांवर बंदी घातली. ती वेगळी भाषाच नाही म्हणे. मग १९३२-३३ मध्ये स्तालिनच्या माणसांनी धान्य उचलून नेलं आणि युक्रेनमध्ये लाखो लोक उपाशी मेले. तरी महायुद्धात दोन्हीकडची पोरं एकाच सैन्यात लढली. ज्याला जे दुखतं, तेवढंच आठवतं.

तू मध्ये पडू नकोस. आई विचारते, जेवतेस ना? वजन खरं कळव.

आमच्यावर अशीच माया राहू दे.
तुझे बाबा

स्टुटगार्ट, २२ जून २०१४

ती. बाबांस, जयभीम.

मध्ये पडलेच. तुमचं पत्र दोघींना जर्मनमध्ये सांगितलं. दारिना म्हणाली, की उपाशी मेले नाहीत, मारले. तिच्या आजीची दोन धाकटी भावंडं त्यात गेली. वेरा म्हणाली, की तिचे आजोबा महायुद्धात जर्मनांकडून कीव्ह सोडवताना कामी आले आणि आज तिथलेच लोक त्यांच्या नातीला शत्रू ठरवतात. दोघी रडल्या, आपापल्या खोलीत.

गेल्या आठवड्यात फोन आला. दारिनाचा भाऊ युक्रेनच्या पूर्वेकडे रशियाधार्जिण्या बंडखोरांशी लढताना जखमी झाला. आई एकटी, म्हणून ती शिक्षण अर्धं टाकून काल निघाली. वेराने न विचारता तिची जड बॅग उचलली आणि उतारावरून एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनपर्यंत आणली. दारिनाने आणू दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर वेरा बाकावर बसली. त्या उपासमारीबद्दल शाळेत, घरी, कुणीच तिला सांगितलं नव्हतं, म्हणाली. त्या दोन भावंडांची नावं विचारायची होती, धीर झाला नाही. मग तिने मलाच विचारलं, की तुला ठाऊक आहेत का.

मला ठाऊक नव्हती, बाबा.

आठवण ठेवा.
क्षमा